काडतुसाचा बाप कोण? मोठ्या बोरच्या शिकारी काडतुसांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या शिकारकथा वाचत वाढलेल्या माणसाला .४५०/४००, .४७० नायट्रो एक्सप्रेस, .४१६ रिग्बी ही नावं जंगलातल्या पायवाटांइतकी ओळखीची असतात. पण ही काडतुसं पहिल्यांदा कोणी केली, असं विचारलं की दोन पुस्तकं दोन उत्तरं देतात. बरीच वर्षं हा इतिहास वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. काडतुसाला एकच बाप असतो असं आपण धरून चालतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. पितळी पुंगळी एकाची असते, दारू दुसऱ्याची, गोळीचं वजन तिसऱ्याने ठरवलेलं असतं आणि बुडावरचं नाव चौथ्याच पेढीचं. कोणाचं काय, हे वेगळं केलं की बरेच वाद सुटतात. काही मात्र खरेच सुटत नाहीत, तेही इथे आहेत.

मोठ्या बोरचं काडतूस म्हणजे नेमकं कोणतं?

बोर म्हणजे नळीच्या आतला व्यास. मोठा बोर म्हणजे ढोबळ हिशोबाने .४०० इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर आणि त्याहून जाड गोळीचं काडतूस. हत्ती, गवा, गेंडा, आफ्रिकी म्हैस अशा जनावरांसाठी ही काडतुसं बनली. .३७५ उंबरठ्यावर बसतं, आणि त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही म्हणून त्यालाही आत घेतलं आहे. गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. त्या हिशोबाने ४८० ग्रेनची गोळी ३१ ग्रॅमची झाली, जवळजवळ तीन तोळ्यांची.

यांच्या जन्माबद्दल इतके वाद का?

कारण ज्या पेढीचं नाव काडतुसावर आहे, तिच्याकडे काडतूस बनवायचा कारखाना नव्हता. लंडन आणि बर्मिंगहॅमचे रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, जेफरी, वेस्टली रिचर्ड्स हे बंदूककार. त्यांच्याकडे नळी, लाकूडकाम, नक्षी उत्तम व्हायची. पितळ ओढून पुंगळी काढायची, बुडाशी दारू पेटवणारी टोपी बसवायची, दारू भरायची हे काम मुख्यतः दोन कारखान्यांचं: बर्मिंगहॅमजवळच्या विटनचं कायनॉक आणि लंडनचं इली. बंदूककार सांगे, "मला अमुक वजनाची गोळी अमुक वेगाने जाणारी हवी," आणि कारखान्यातला कोणीतरी हातात असलेल्या पुंगळीची मान आवळून किंवा लांबी कमी करून ते जमवून देई. त्या माणसाचं नाव आज कुठेच सापडत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण खरी कारागिरी बऱ्याचदा त्याची होती.

दुसरं कारण व्यापारी आहे. काही पेढ्या आपलं काडतूस फक्त आपल्या रायफलींसाठी राखून ठेवत. काही ते सगळ्या बंदूककारांना खुलं करत. खुलं केलेलं काडतूस दहा पेढ्यांच्या यादीत येई, दहा लेबलं लागत, आणि पन्नास वर्षांनी त्या दहाही पेढ्यांचे चाहते आपापला हक्क सांगत.

तिसरं कारण तारखांचं. आराखडा काढला ते साल, पहिली रायफल विकली ते साल आणि छापील यादीत नाव आलं ते साल, ही तिन्ही वेगळी असू शकतात. लेखक त्यातलं एक उचलतो आणि 'शोध' असं लिहून मोकळा होतो.

'नायट्रो एक्सप्रेस' हे नाव कोणाचं?

दोन शब्द, दोन वेगळे काळ. 'एक्सप्रेस' आलं जेम्स पर्डीकडून. १८५६ साली त्याने हलकी गोळी आणि भरपूर दारू अशी वेगवान रायफल केली आणि तिला 'एक्सप्रेस ट्रेन' म्हटलं. आगगाडी तेव्हा वेगाची परिसीमा होती. तीन वर्षांआधीच, १८५३ साली, मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली होती, म्हणजे आपल्याकडेही त्या शब्दाचा अर्थ कळायला वेळ लागला नसता.

'नायट्रो' आलं बिनधुराच्या दारूतून. फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने १८८४ साली नायट्रोसेल्युलोजची दारू केली, आल्फ्रेड नोबेलने १८८७ साली बॅलिस्टाइट, आणि १८८९ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स डेवर यांनी कॉर्डाइट. कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (नायट्रोसेल्युलोजचाच एक प्रकार) आणि ५ टक्के व्हॅसलीन. शेवयांसारखे तिचे दोरे असत, म्हणून ते नाव.

काडतुसांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा जन्मवाद मला इथेच दिसतो, आणि तो चक्क कोर्टात लढला गेला. नोबेलचं म्हणणं होतं की कॉर्डाइट ही आपल्या बॅलिस्टाइटचीच नक्कल आहे. एबल आणि डेवर सरकारी समितीवर होते आणि नोबेलने आपली माहिती त्या समितीला विश्वासाने दिली होती. पण नोबेलच्या पेटंटमध्ये 'विरघळणाऱ्या' जातीचं नायट्रोसेल्युलोज असा शब्द होता. एबल आणि डेवर यांनी न विरघळणारं वापरलं. एका विशेषणावर खटला फिरला. १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने नोबेलच्या विरोधात निकाल दिला. कायद्याने कॉर्डाइट एबल-डेवरचं ठरलं. नोबेलला ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि मला त्याची बाजू नैतिकदृष्ट्या जड वाटते.

.४५० नायट्रो एक्सप्रेस रिग्बीनेच शोधलं ना?

हो, आणि नाहीही. १८९८ साली जॉन रिग्बी अँड कंपनीने ते बाजारात आणलं. ४८० ग्रेनची गोळी, २१५० फूट प्रतिसेकंद. त्याआधी हत्तीसाठी चार बोर, आठ बोरच्या अवजड बंदुका लागत, धुराचा लोट उठे आणि खांदा सुजे. .४५०ने हे सगळं एका झटक्यात जुनं करून टाकलं.

पण पुंगळी? सव्वातीन इंच लांबीची ती सरळ पुंगळी जुन्या, धुराच्या काळ्या दारूच्या काळात आधीपासूनच वापरात होती. रिग्बीने तीच घेतली, तिच्यात कॉर्डाइट आणि धातूच्या कवचाची गोळी घातली. मग त्याचं श्रेय काय? माझ्या मते पुष्कळ. जॉन रिग्बी १८८७पासून काही वर्षं एनफिल्डच्या सरकारी रायफल कारखान्याचा अधीक्षक होता. सैन्याच्या .३०३ रायफलीत बिनधुराची दारू कशी वागते हे त्याने फार जवळून पाहिलं होतं. कॉर्डाइटचा दाब एवढ्या जाड बोरात दुनळी रायफलीला पेलवेल, हा भरवसा त्या अनुभवातून आला. पुंगळी जुनी असली तरी ती जोखीम रिग्बीची होती.

याला एक धोक्याची बाजूही आहे. काळ्या दारूसाठी बनवलेल्या .४५०च्या जुन्या रायफलीत नायट्रोचं काडतूस बिनतक्रार बसतं. बसतं म्हणून ते चालतं असं समजणाऱ्याच्या हातात नळी फुटू शकते. खऱ्या नायट्रो रायफलीच्या नळीखाली चाचणीगृहाचा शिक्का असतो, 'कॉर्डाइट ७०-४८० मॅक्स' अशा धर्तीचा: दारू किती ग्रेन, गोळी किती ग्रेन, याची कमाल मर्यादा.

हिंदुस्थानात .४५०वर बंदी का आली, आणि कधी?

माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा कणा हाच आहे. इंग्रजी काडतुसांची निम्मी वंशावळ या एका सरकारी हुकमातून निघाली.

ब्रिटिश सैन्याची मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ साली आली. तिचं काडतूस .५७७/४५०. पुढे सैन्याने .३०३ घेतली, पण हजारो मार्टिनी देशी पलटणींत, पोलिसांत, संस्थानांत आणि सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हातात उरल्या. शिकाऱ्यांसाठी येणाऱ्या .४५०च्या मालातून बंडखोरांना या रायफलींसाठी सामान मिळेल, अशी सरकारला धास्ती वाटली. म्हणून हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोरच्या खासगी रायफली आणि काडतुसं बंद झाली. साल बहुतेक ठिकाणी १९०७ दिलेलं असतं. काही लेखक १९०५ धरतात.

आता वादाचा मुद्दा. .४५० नायट्रोचं काडतूस मार्टिनीत बसतच नाही. एकाची पुंगळी लांब आणि सरळ, दुसऱ्याची आखूड आणि बाटलीसारख्या मानेची. मग बंदीला अर्थ काय, असं बरेच जण विचारतात आणि सरकारला मूर्ख ठरवतात. मला ते पटत नाही. भीती अख्ख्या काडतुसाची नसावी, सुट्या भागांची असावी. गोळीचा व्यास जवळजवळ सारखा. काडतूस उघडून गोळी आणि टोपी काढून घेतली की मार्टिनीच्या जुन्या पुंगळीत ती पुन्हा भरता येई. सरहद्दीवरचे कारागीर दऱ्याखोऱ्यांतल्या भात्यावर अख्खी रायफल घडवत. त्यांना हे अवघड नव्हतं. राज्यकर्त्यांची भीती अनाठायी नव्हती याचा दाखला पुढे १९१४च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात मिळाला. रॉडा या बंदूकविक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली.

हुकूम आल्यावर लंडनच्या पेढ्यांची झोप उडाली. त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थानात होतं: संस्थानिक, लष्करी अधिकारी, जंगलखात्याचे साहेब, चहामळेवाले. सगळ्यांना .४५०चंच काम करणारं, पण .४५० हा आकडा नसलेलं काडतूस हवं झालं. हॉलंडने .५००/४६५ काढलं. .४७० आलं, .४७५ आलं, त्याचं 'नंबर दोन' आलं, वेस्टली रिचर्ड्सचं .४७६ आलं. गोळ्या ४८० ते ५२० ग्रेनच्या, वेग २१००-२१५० फुटांच्या आसपास. हत्तीला यातला फरक कळणं शक्य नव्हतं. ही सगळी एकाच .४५०ची भावंडं, कायद्याच्या धाकाने नाव बदलून राहिलेली.

.४७० नायट्रो एक्सप्रेसचं खरं साल कोणतं, १९०० की १९०७?

लंडनच्या जोसेफ लँग पेढीने ते केलं याबद्दल फारसा वाद नाही. साल मात्र पुस्तकागणिक बदलतं. आणि ते साल महत्त्वाचं आहे, कारण १९०० खरं असेल तर .४७० हे बंदीचं अपत्य ठरत नाही आणि मागच्या प्रश्नातली माझी वंशावळ तेवढ्यापुरती कोलमडते.

माझा कल १९०७कडे आहे. .४७०ची पुंगळी .५०० नायट्रोची मान आवळून केलेली. ५०० ग्रेनची गोळी, २१५० फूट. म्हणजे .४५०च्या कामाची जवळजवळ हुबेहूब प्रत. १९०० साली .४५० बाजारात येऊन दोनच वर्षं झाली होती आणि ते धडाक्यात खपत होतं. तेव्हा लँगने त्याच कामाचं दुसरं काडतूस कशासाठी करावं? गरज निर्माण झाली ती बंदीनंतर. एखादा आराखडा आधी काढून कपाटात पडला असेल हे मी नाकारत नाही, आणि कदाचित तिथूनच १९००चं साल पसरलं असेल.

लँगने ते इतर बंदूककारांना खुलं केलं, हे मात्र महत्त्वाचं. हॉलंडचं .४६५ मुख्यतः हॉलंडचंच राहिलं. .४७०च्या रायफली कोणीही करू लागलं, आणि आज दुनळी रायफलींत सर्वाधिक दिसणारं काडतूस तेच आहे.

.४५०/४०० या दुहेरी आकड्याचा अर्थ काय?

.४५०ची पुंगळी, मान आवळून .४०० केलेली. काळ्या दारूत ते १८८०च्या दशकात होतंच. सव्वातीन इंची पुंगळीची लांब, पातळ मान कॉर्डाइटच्या दाबाने चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या घराला, चिकटून बसे, म्हणून जेफरीने लांबी तीन इंचांवर आणली आणि बुडाची कडा जाड केली. साल कोणी १८९६ लिहितं, कोणी १९०२. पुंगळीचं घराणं .४५०चं असलं तरी गोळी .४५०ची नव्हती, त्यामुळे बंदीतून ते सुटलं आणि हिंदुस्थानात घट्ट रुजलं. जिम कॉर्बेट मोठ्या कामाला नेत असे ती दुनळी रायफल जेफरीची .४५०/४००च होती.

मग कॉर्बेटची ती प्रसिद्ध .२७५ रिग्बी?

ती मोठ्या बोरची नाही, तरी हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर देतोच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला ती रायफल दिली. रायफल रिग्बीची. काडतूस मात्र रिग्बीचं नव्हे. ते पॉल माउझरचं ७×५७, स्पेनच्या सैन्याने १८९३ साली घेतलेलं. रिग्बी इंग्लंडमध्ये माउझरचा प्रतिनिधी होता. जर्मन मिलिमीटरचं नाव इंग्रज गिऱ्हाइकाला रुचत नाही हे ओळखून त्याने ते इंचात घातलं.

आकडाही फसवा आहे. .२७५ हे नळीच्या आतल्या उंचवट्यांमधलं अंतर. गोळी प्रत्यक्षात .२८४ इंचांची. इंग्रजी नावांत हे सतत घडतं. .४०४ जेफरीची गोळी .४२३ इंचांच्या आसपास, .४७०ची .४७४. सर्वांत वाईट गोंधळ .४७५ नंबर दोनचा. इलीची गोळी .४८३ आणि जेफरीची .४८८, दोघांची पुंगळी तीच. नावावर विसंबून चुकीची गोळी भरली तर रायफल जाते, कधी कधी बोटंही.

.५०० जेफरी इंग्रज की जर्मन?

जर्मन. एवढ्या ठामपणे मी फार थोड्या ठिकाणी बोलतो.

सूल हे जर्मनीतलं बंदूककारांचं गाव. तिथल्या ऑगस्ट शूलर पेढीने १९२०च्या सुमारास १२.७×७० शूलर नावाचं काडतूस आणलं. बोल्टच्या, म्हणजे दांडी मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या रायफलीत ५३५ ग्रेनची गोळी २४०० फुटांनी फेकणारं. त्या काळी मॅगझीन रायफलीत, म्हणजे पोटात काडतुसं साठवणाऱ्या रायफलीत, याहून जोरकस काही मिळत नव्हतं. पुंगळीचं बूड जाड आणि कडा त्याहून थोडी बारीक. ही युक्ती शूलरचीही नवी नव्हती. वेस्टली रिचर्ड्सच्या लेस्ली टेलरने १९०९ साली .४२५ वेस्टली रिचर्ड्समध्ये ती केली होती. तिथे कडा साध्या माउझर बोल्टच्या मापाची ठेवल्यामुळे महागड्या लांब यंत्रणेची गरज उरली नाही.

जेफरीने शूलरचंच काडतूस घेतलं आणि .५०० जेफरी नावाने विकायला सुरुवात केली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. भाऊ, मुलगा फ्लँडर्सच्या रणांगणात गमावलेल्या इंग्रज गिऱ्हाइकाला जर्मन नावाचं काडतूस विकणं कठीण होतं, म्हणून नाव बदललं असं सांगितलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. पुढे ऱ्होडेशियाच्या फ्लेचर जेमिसनने त्याच्यावर हत्तीची शिकार करून ते नाव आफ्रिकेत गाजवलं, आणि शूलर तळटीपेत गेला.

जेफरीचे चाहते म्हणतात, "जेफरीशिवाय ते विसरलं गेलं असतं." खरं आहे. जगवणं आणि जन्म देणं या दोन गोष्टींना मराठीत दोन आयांची नावं आहेत. देवकी आणि यशोदा दोघींचा मान राखता येतो.

.४०४ जेफरी तरी जेफरीचंच?

हो. १९०५च्या सुमाराचं, .४५०/४००चं काम मॅगझीन रायफलीत करण्यासाठी. युरोपात त्याला १०.७५×७३ म्हणतात, त्यामुळे माउझरच्या १०.७५×६८शी गल्लत होते. ते वेगळं आणि आखूड काडतूस आहे. .४०४चं पुढचं आयुष्य विलक्षण: जवळजवळ शतकानंतर १९९९ साली रेमिंग्टनने .३०० अल्ट्रा मॅगसाठी याच पुंगळीचा पाया घेतला.

पुंगळीच्या बुडाशी असलेला 'पट्टा' हॉलंडचा शोध आहे का?

सर्वसाधारणपणे तो .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमच्या नावावर जमा असतो, साल १९१२. पण हॉलंडच्याच .४००/३७५ काडतुसावर तो काही वर्षं आधी आलेला होता. तेव्हा 'पट्टा .३७५ मॅग्नममुळे आला' हे वाक्य चूक आहे.

तो कशासाठी, तर .३७५ची पुंगळी निमुळती आणि खांदा उतरता. चेंबरमध्ये काडतूस किती आत जाऊन थांबावं, हे असा खांदा नीट ठरवू शकत नाही. कडा ठेवली तर मॅगझीनमध्ये काडतुसं एकमेकांत अडकतात. पट्ट्याने दोन्ही प्रश्न मिटले. निमुळती पुंगळी कॉर्डाइटला उन्हात लागतेच. उष्णतेने कॉर्डाइटचा दाब चढतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात चढलेल्या दाबाने पुंगळी चिकटली तर समोरच्या गव्यापुढे हातात नुसती काठी उरते. म्हणूनच काही काडतुसं हिंदुस्थानासाठी कमी दारूची, 'ट्रॉपिकल' भरणीची मिळत. नंतर अमेरिकी कारखान्यांनी पट्टा जिथे गरज नाही तिथेही लावला, कारण 'मॅग्नम' म्हणजे पट्टा असं गिऱ्हाइकाच्या मनात बसलं होतं.

.४१६ रिग्बी, .४१६ हॉफमन, .४१६ रेमिंग्टन: कोणी कोणाचं घेतलं?

पहिलं निर्विवाद रिग्बी, १९११. ४१० ग्रेनची गोळी, सुमारे २३०० फूट, लांब मॅग्नम माउझर यंत्रणेत. १९६०च्या दशकाअखेरीस कायनॉकने शिकारी रायफलींची काडतुसं बनवणं थांबवलं आणि .४१६च्या रायफली उपाशी पडल्या.

ती पोकळी भरायला टेक्ससच्या जॉर्ज हॉफमनने १९७०च्या दशकात .३७५ हॉलंडची पुंगळी फुगवून आणि मान रुंद करून .४१६ हॉफमन केलं. १९८८ साली रेमिंग्टनने आपल्या ८ मिलिमीटर मॅग्नमची मान रुंद करून .४१६ रेमिंग्टन आणलं. त्या ८ मिलिमीटरचीही आजी .३७५ हॉलंडच. दोन काडतुसं शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं दिसतात. हॉफमनच्या बाजूचे लोक याला उचलेगिरी म्हणतात. मी तसं म्हणणार नाही, कारण त्या पुंगळीवर .४१६ची गोळी बसवायची ठरवली की हात आपोआप तिथेच पोचतो. पण ते चालतं, हे आधी हॉफमनने दाखवलं, आणि रेमिंग्टनच्या खोक्यावर त्याचं नाव नाही.

रिग्बीच्या पुंगळीचा आणखी एक वाद लष्करात गेला. १९८३ साली अमेरिकेत रिसर्च आर्ममेंट इंडस्ट्रीजने दूर पल्ल्याच्या रायफलीसाठी .४१६ रिग्बीची मान आवळून .३३८ केली. पण रिग्बीची पुंगळी कॉर्डाइटच्या कमी दाबासाठी बनलेली होती, तिला तो दाब सोसेना. फिनलंडच्या लापुआने बुडाशी भिंत जाड करून ती नव्याने घडवली आणि .३३८ लापुआ मॅग्नम झालं. इथे पुंगळीचा आकार रिग्बीचा, कल्पना अमेरिकेची, धातूचं काम लापुआचं.

.४५८ विंचेस्टर आणि .४५८ लॉट यांचं भांडण काय?

१९५६ साली विंचेस्टरने .४५८ मॅग्नम काढलं. .४७०चं काम साध्या लांबीच्या, परवडणाऱ्या बोल्ट रायफलीत. जाहिरातीत ५०० ग्रेनच्या गोळीला २१३० फूट वेग. पण पुंगळी फक्त अडीच इंची. दारू दाबून भरावी लागे, ती कालांतराने आत गच्च बसे, आणि शिकारीच्या आखूड नळीतून वेग बराच कमी भरे.

जॅक लॉट या अमेरिकी शिकारी-लेखकाला १९५९ साली मोझांबिकमध्ये म्हशीने जबर जखमी केलं. त्याने .३७५ हॉलंडची पुंगळी जवळजवळ पूर्ण लांबीची ठेवून .४५८ची गोळी बसवली आणि १९७१ साली .४५८ लॉट दिलं. गोष्ट छान आहे, म्हणून ती सगळे सांगतात. सांगत नाहीत ते हे की वॉट्स आणि अँडरसन यांनी .४५० वॉट्स नावाने जवळपास तेच काडतूस विंचेस्टरच्याही आधी केलं होतं. फरक लांबीत, इंचाच्या विसाव्या भागाचा. लॉटकडे जखमेची कहाणी होती, लेखणी होती, आणि पुढे २००२ साली हॉर्नडीने कारखान्यात त्याचं काडतूस भरायला घेतलं. वॉट्सकडे यातलं काहीच नव्हतं.

सर्वांत मोठं कोणतं, आणि त्याच्या जन्माबद्दलही वाद आहे का?

.६०० नायट्रो जेफरीचं, ९०० ग्रेनची गोळी, साल १९०० ते १९०३ यांत कुठेतरी डोलतं. .७०० नायट्रोबद्दल मात्र काहीच वाद नाही, कारण ते १९८८चं आहे. हॉलंडने आपली 'शेवटची' .६०० रायफल विकून टाकली होती आणि शब्दाला जागून दुसरी करायला नकार दिला. तेव्हा विल्यम फेल्डस्टीन आणि जिम बेल या अमेरिकनांनी नवा बोरच काढला, १००० ग्रेनच्या गोळीचा.

आपल्याकडे परवान्यावर मिळणारं .३१५ काडतूस हिंदुस्थानी आहे का?

वर्तमानपत्रात '३१५ बोर' असं वाचून अनेकांना ते इथलंच वाटतं. जन्माने ते ऑस्ट्रियन आहे, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं १८९०च्या सुमाराचं ८×५० मॅनलिकर. .३०३ सैन्याची म्हणून सामान्य नागरिकाला बंद होती. त्यामुळे बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी ली रायफली या ८ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसाच्या करत असे. पुढे आपल्या आयुध कारखान्यांनी तोच धागा चालू ठेवला. ऑस्ट्रियाने ते कधीच टाकून दिलं, जगात इतरत्र ते संग्रहालयात गेलं, आणि आपल्याकडे ते अजून नांदतं आहे. .४५०ला जे झालं तेच इथेही झालं. हे काडतूस इथे रुजलं ते बंदीमुळे.

पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून चालू आहे. 'के एफ' हा तिथल्या काडतुसांच्या बुडावरचा जुना शिक्का, 'किर्की फॅक्टरी'चा.

आजोबांच्या पेटीत जुनी काडतुसं सापडली. काय करू?

पहिल्यांदा, ती घासूनपुसून चमकवू नका. बुडावरचा शिक्का हाच पुरावा असतो, आणि ब्रासोच्या एका हाताने कायनॉकचं अक्षर पुसट होतं. जिवंत काडतूस उघडायचा, ठोकायचा, उन्हात वाळवायचा प्रयत्न अजिबात नको. शंभर वर्षांची टोपीही पेटू शकते.

दुसरं, १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं गुन्हा आहे, मग ते पणजोबांचं का असेना. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून जमा करा आणि पोच घ्या. शिकार तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच झाली, आणि ते झालं म्हणून ताडोबात आज वाघ दिसतो याचा मला मनापासून आनंद आहे.

जमा करण्याआधी बुडाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. पुंगळीची लांबी साध्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, कडा बुडाहून रुंद आहे की बारीक ते बघा, मान आहे की सरळ नळकांडं ते लिहा. सोबत एखादं जुनं बिल, परवान्याचा कागद, खोक्यावरचं फाटकं लेबल असेल तर तेही जपा. बंदीचं साल १९०५ की १९०७, .४७०चं १९०० की १९०७, हे वाद मोठ्या संग्रहांनी मिटलेले नाहीत. तारखेसह असलेलं कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या बंदूकविक्रेत्याचं एक बिलसुद्धा तिथे वजन टाकू शकतं, आणि असं बिल लंडनपेक्षा आपल्याच एखाद्या वाड्याच्या माळ्यावर सापडण्याची शक्यता जास्त आहे.